पाचही वेळा टक्क जागा

५ जून
चितेगावला कंपनीत मीटिंग. डोळे मिटून स्टॉकचा विचार करत होतो. मॅनेजर आप्पासाहेब म्हणाले, वैजनाथराव, विचार करा, पण घोरू नका. सगळे हसले. चिंतन म्हणजे काय ते या लोकांना कळतच नाही.

६ जून
घरी येताना कार दुभाजकाला घासली. दुभाजकच चुकीच्या जागी आहे. बायको अंबिका म्हणाली, डॉक्टरला दाखवल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. किल्ली तिच्या पर्समध्ये. संकल्प : आठवड्यात किल्ली परत.

१२ जून
क्रांती चौकातल्या डॉक्टरीणबाई. मी घोरत नाही, असं ठाम सांगितलं. अंबिकेनं मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं. बाहेरचे पेशंट दारातून डोकावले. मी म्हणालो, हा आमचा मिक्सर आहे.

१६ जून
दवाखान्यात झोपेची तपासणी, रात्रभर अंगाला वायरी. घोरताना श्वास अडकतो म्हणे. रोज हवेच्या मशीनचा मास्क लावून झोपायचं.

२० जुलै
घोरणं बंद! अंबिका म्हणते, घर लई शांत वाटतंय. म्हणजे मी बरा. (दुपारी मिशी वरणात बुडाली. ताट फार जवळ ठेवलं होतं.)

२३ जुलै
मेहुणा सदाशिव आला. त्याच्या विनोदावर हसताना गुडघेच गेले, खाली बसलो. शुद्धीत होतो, सगळं ऐकू येत होतं. फरशी ओली असणार. अंबिका म्हणाली, कोरडी ठणठणीत आहे. तिनं लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, घोरणं थांबलं तरी दिवसा झोप येते, हसल्यावर पाय गळतात, म्हणजे घोरण्याआड दुसरं दुखणं लपलंय. नार्कोलेप्सी. नाव भारदस्त आहे, पण मला नाही. आता दिवसाची तपासणी : दर दोन तासांनी, असं पाच वेळा, अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं, झोप किती लवकर लागते ते त्या बघणार. मी जागाच राहणार.

३१ जुलै, संध्याकाळ
जिंकलो. पाचही वेळा टक्क जागा. शेवटच्या वेळी तर सासरे, बद्रीनाथराव, पायथ्याशी येऊन बसले, मनसोक्त गप्पा झाल्या. झोपलेला माणूस गप्पा मारतो का? घरी येऊन अंबिकेला सांगितलं. ती म्हणाली, बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

२ ऑगस्ट
रिपोर्ट आला. पाचही वेळा दोन-तीन मिनिटांत झोप, आणि लागलीच स्वप्न. गोळ्या सुरू. दुपारी ठरवून डुलकी घ्यायची. गाडी तूर्तास बंद. तपासणीचं मशीन बिघडलं असेल म्हणालो, डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी पुढं सरकवली.
घरी अंबिका भांडलीसुद्धा नाही. शेजारी बसून तिनं हळूच विचारलं, बाबा काय म्हणाले हो?
नीट आठवून सांगावं म्हणून जरा मागं टेकलो.
आत्ता उठलो. तिचं जेवण झालंय.