साठ दिवसांचा सदरा

यझ्द, १० मेहर

तीर्थरूप आगाजान यांस,
तूबाचा सप्रेम सलाम, वि. वि.

आईने पाठवलेले पिस्ते पोचले. निम्मे तुमच्या जावयाने, जलीलनेच फस्त केले. डोहाळे नक्की कुणाला लागलेत, असं सासूबाई विचारतात.

चार महिन्यांनी, बहमनमध्ये, तुम्ही आजोबा होणार. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. बाळाचं पहिलं दुपटं आईच्या वडिलांच्या अंगावर वापरून मऊ झालेल्या सदऱ्याचं. नव्या कापडाला आयुष्य नसतं म्हणतात. सासूबाईंनी कात्रीसुद्धा काढून ठेवली आहे. तुमचा खाणीत घालायचा निळा सदरा पाठवा.

तुमची लाडकी,
तूबा

अनारक, २ आबान

चि. तूबा हिस आगाजानचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. आईने खजुराचा हलवा केला आहे, तो जलीलपासून लपवून ठेव.

सदऱ्याचं म्हणशील तर माझे सगळे फाटके. शिसं-जस्ताच्या खाणीत एकतीस वर्षं घासलेली चिंधी बाळाला काय शोभणार? जलीलच्या वडिलांचा घ्या. ते दुकानात बसणारे, त्यांचं कापड उंची असतं.

जपून राहा, वजन उचलू नकोस.
तुझा बाप

यझ्द, २५ आबान

तीर्थरूप आगाजान यांस सलाम, वि. वि.

सासूबाई म्हणाल्या की खाणीतल्या माणसाचं काळीजही शिशाचंच असायचं. मी त्यांना फाडकन उत्तर दिलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे की सदरा यायचाय. एक जुना सदरा लेकीला द्यायचा तर तुम्हाला इतका जड झाला?

हलवा छान होता. मी रागावले आहे.
तूबा

अनारक, ५ बहमन

चि. तूबा हिस अनेक आशीर्वाद.

दोन महिने पत्र नाही म्हणून आणखी रुसली असशील. आता खरं सांगतो. मेहर महिन्यात खाणीच्या डॉक्टरने रक्त तपासलं. माझ्या रक्तात शिसं निघालं. ती धूळ कपड्यात मुरते, कितीही धुतलं तरी भरवसा नाही, तान्ह्या मुलाजवळ तर ते कपडे नेऊच नका, म्हणाला. आणि तू लहानपणी मी पाळीवरून आलो की दारात धावत येऊन सदऱ्यात तोंड खुपसायचीस. हे सगळं तुला कुठल्या तोंडाने लिहू?

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात नाईन गावच्या बाजारातून पांढरा सदरा घेतला, साचलेली सगळी रजा मागितली आणि चुलतभाऊ सफरच्या उंटांमागे माळावर गेलो. मुकादम पोट धरून हसला. सदरा जुना करायला रजा घेणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता म्हणे. साठ दिवस तोच अंगात. दर जुम्याला आई येऊन धुवायची. नवरा उंटांमागे आणि ती सदऱ्यामागे, असं सगळ्यांना सांगत सुटली आहे.

सोबत पाठवला आहे. कॉलर विरली आहे, कोपराला उंटाने चावलं आहे. खाण त्याने पाहिलेली नाही.

राग गेला असेल तर दोन ओळी लिही.
तुझा बाप

यझ्द, २८ बहमन

तीर्थरूप आगाजान यांस,
तूबाचा आणि तुमच्या नातीचा सलाम, वि. वि.

परवा मुलगी झाली. नाक तुमचं आहे, बिचारीचं.

सासूबाईंनी सदरा उजेडात धरला, कॉलर चाचपली आणि म्हणाल्या, दोन महिन्यांचा सदरा कसला जुना! मग मी त्यांना सांगितलं की माझ्या लग्नाला आगाजानना एक दिवसाची रजा होती आणि वरात निघाली तेव्हा ते पाळीवर गेले होते. ह्या सदऱ्यात त्यांचे साठ दिवस आहेत. त्या उठल्या, कात्री आणली आणि स्वतःच दुपटं बेतलं. उंट चावलेली बाही तेवढी मी मागून घेतली.

माझी काळजी सोडा. मी धडधाकट आहे आणि पोर गल्ली दणाणून सोडते. बाळ चाळीस दिवसांचं होईल त्या दिवशी आईला घेऊन या. येताना नाईनला थांबून आणखी एक पांढरा सदरा घ्या आणि तोच घालून या. मी दारात धावत येणार आहे.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची तूबा