रेघ दिसली नाही

प्रिय ठकू,

पत्र बघून तुला वाटेल, बाबाचा फोन बिघडला. फोन ठणठणीत आहे, पण फोनवर मी हवापाण्यापलीकडे जात नाही हे तुलाही माहीत आहे. आम्ही मजेत आहोत. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, त्यामुळे ती स्वतः कुरकुर करायला मोकळी झाली आहे. सध्याची तक्रार अशी, की मी तिच्यापेक्षा जास्त इंजिनाशी बोलतो. खोटं नाही. तुझ्या विमानाचं इंजिन चार महिने माझ्या टेबलावर होतं. शेवटच्या नटबोल्टापर्यंत खोललं, एकेक भाग धुतला, मापं घेतली, पुन्हा जोडलं. परवा चालू केलं तर पहिल्याच फटक्यात असं गुरगुरलं, की तुला उडायला शिकवणारे मास्तर हातातला चहा टाकून हँगरबाहेर आले. तासभर चालवलं, तेलाचा थेंब गळला नाही. मी किती मिजाशीत घरी आलो, ते आईकडून ऐक.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. मी हँगरच्या दारात हात पुसत उभा होतो. तुझं विमान धावपट्टी सोडून झाडांच्या वर पोचलं आणि आवाज बंद झाला. मी तोंडातल्या तोंडात एकच घोकत होतो, वळू नकोस, वळू नकोस. तेवढ्या उंचीवरून मागे धावपट्टीकडे वळायला गेलेली माणसं वाचत नाहीत, हे मास्तर पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडतात, पण प्रत्यक्ष वेळ आली की प्रत्येकाचा हात मागेच वळतो. तू वळली नाहीस. नाक खाली केलंस आणि समोरच्या कापलेल्या गवतात सरळ उतरलीस. पुढचं चाक मोडलं, पंखा वाकला, तुझ्या हनुवटीला दोन टाके पडले. मी धापा टाकत पोचलो आणि तुला पोटाशी धरायचं सोडून पंख्याचं पातं किती वाकलंय ते बघायला गेलो. घाबरलो की माझे हात काम शोधतात. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

मग फ्लाइंग क्लबच्या समितीने कागद काढला. थंडीची दमट सकाळ होती, इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरमध्ये बर्फ धरला असणार, तो वितळवणाऱ्या गरम हवेचा खटका वैमानिकाने उड्डाणाआधी ओढून बघितला नसणार. बर्फ वितळून जातो, मागे काही ठेवत नाही, त्यामुळे कुणाला काही सिद्ध करावं लागलं नाही. आधी तू म्हणालीस, ओढला होता. मग म्हणालीस, नक्की आठवत नाही. मग तू बोलायचीच थांबलीस. हेडफोन मास्तरांच्या कपाटात ठेवून गेलीस, त्याला सात महिने झाले. परवान्याची मुदत या महिनाअखेर संपते, आणि तू त्याचं नावही काढत नाहीस.

आता माझं ऐक. तीन आठवड्यांपूर्वी क्लबच्या दुसऱ्या विमानाची सकाळची तपासणी करत होतो. टाकीच्या तळातून नेहमीसारखं ग्लासभर पेट्रोल काढलं. आत पाणी शिरलं असेल तर ते खाली बसतं आणि मधे रेघ दिसते. वीस वर्षं मी ती रेघच बघत आलोय. रेघ नव्हती. ठीक आहे म्हणून ओतणार, तेवढ्यात मास्तरांनी ग्लास घेतला, स्वतःच्या नाकाशी नेला आणि मग माझ्या नाकाशी धरला. वासच नव्हता. ग्लासात पेट्रोल नव्हतंच, काठोकाठ पाणी होतं. रेघ दिसायला दोन्ही लागतात, ठकू. मी तिथल्या तिथे उलट्या बादलीवर बसलो. कारण तुझ्या त्या सकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात मी असाच स्वच्छ, बिनरेघेचा ग्लास बघितला होता. तुझं विमान महिनाभर अर्ध्या टाकीने थंडीत उभं होतं, रिकाम्या भागात दव धरून आत पाणी साठणारच होतं. नळीत उरलेल्या पेट्रोलवर ते झाडांपर्यंत चढलं, आणि मग इंजिनात पाणी पोचलं. तू स्वतः तपासायला निघाली होतीस, आणि मीच तुला म्हणालो होतो, बाबाने बघितलंय, जा. संध्याकाळी टाकीत उरलेलं सगळं आगीच्या भीतीने मीच ओतून टाकलं. म्हणजे तपासायलाही मी काही ठेवलं नाही.

हे कळल्यावरही तीन आठवडे मी तुझ्याशी फोनवर हवापाण्याबद्दल बोलत राहिलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. काल समितीपुढे सगळं सांगितलं, विमानाच्या नोंदवहीत माझ्या सहीने लिहिलं, आणि त्यांनी जुना कागद मागे घेतला. रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो. इंजिन तू बंद पाडलं नाहीस, मी पाडलं. तू ते विमान उतरवलंस. तुला ये म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. आपल्या क्लबात इंजिन जोडणाऱ्याने पहिल्या उड्डाणाला शेजारच्या सीटवर बसायचं असतं. मी आईला म्हणालो, विमान ठकूच नेईल आणि मी तिच्या शेजारी बसेन. ती म्हणाली, आधी तिला विचारा, ती तुम्हांला बसवून घेईल का. म्हणून विचारतो आहे.

तुझाच, उत्तराची वाट बघणारा,
बाबा