कुंकू लागलेली फ्लॉपी

मी, नामदेवराव किशनराव बिराजदार, वय ४९, मूळ गाव भालकीजवळचे, राहणार अंबरपेठ, हैदराबाद, कोठी भागातील डोळ्यांच्या एका दवाखान्यात कारकून, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बुधवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी ठिकाणावर आहे; मन नाही.

१. अंबरपेठेतील दोन खोल्या व बँकेतील ठेव पत्नी त्रिवेणी हिला. "पन्नाशीत आता कसली परीक्षा देता?" असे ती म्हणे, पण मी संगणकाच्या क्लासहून येईपर्यंत जेवत नसे.

२. देव्हाऱ्यातील खंडोबाचा टाक मुलगी रंजना हिला. पूजेनंतर रोज एक नवी गोष्ट शिकून ती वहीत लिहायची, हा माझा नेम तिने चालवावा. एखादे दिवशी नैवेद्य राहिला तर देव समजून घेईल. हा नेम राहू नये.

३. आता जे छातीवर आहे ते. गेल्या खंडेनवमीला दवाखान्यात हत्यारांची पूजा मी केली. संगणकाला हार घातला. फ्लॉपीच्या खाचेतून दिसणाऱ्या काळ्या चकतीवर ओल्या कुंकवाचे बोट टेकवले. तीत रोग्यांची चार महिन्यांची यादी होती. ती गेली. ठपका आमचा संगणक ऑपरेटर सुरेश याच्यावर आला. मला संगणक शिकवणारा तो. "काका, बटन दाबा, फुटत नाही ते," म्हणणारा. त्याला चिठ्ठ्यांच्या खिडकीवर बसवले आणि त्याच्या खुर्चीवर मला. मी गप्प राहिलो. तीन महिने त्या खुर्चीत बसून शिकलो, आणि रोज देवापुढे उभे राहताना मान खाली गेली.

४. माझी संगणकाची वही सुरेशला द्यायची होती. परंतु तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्राने काही न दिलेले बरे, असे वकिलांनी सांगितले. म्हणून ती आजच हातात दिली आणि सहीपूर्वी कलम ३ त्याला वाचायला लावले.

तो म्हणाला, "काका, मला तवाच माहीत होतं. फ्लॉपीला कुंकू दुसरं कोण लावणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही परत बटनाला हात लावला नसता."

उद्या सकाळी, भरती होण्याआधी, मी आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांना सर्व सांगणार आहे. कलम ३ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही.

सही: ना. कि. बिराजदार
अंबरपेठ, हैदराबाद, रविवार, ८ जानेवारी १९९५

आमच्या समक्ष सही केली:
१. कुसुमताई देशमुख, शेजारी
२. सुरेश माणिकराव पांचाळ, संगणक ऑपरेटर

(सुरेशने "चिठ्ठी खिडकी" लिहिले होते. ते खोडून हुद्दा मी लिहिला आहे. ना. कि. बि.)