ओरांत

सारंगखेडा, १९ नोव्हेंबर १९६१

प्रिय रंजना,

इथे कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. तुझ्या मायचा गुडघा आता बरा आहे. तू पाठवलेलं चित्राचं कार्ड आठ दिवस माझ्या कोपरीच्या खिशात होतं. तुझ्या मायला ते दाखवलं नाही, आणि पत्रही अर्धंच वाचून दाखवलं.

डोक्यावर पदर घेतलेली बाई, दोन्ही हात बाजूंना पसरलेले, तळवे वर. तू लिहिलंस की रोमला जमिनीखालच्या थडग्यांच्या भिंतीवर ती फार जुन्या काळी रंगवली, पहिले ख्रिस्ती असंच उभ्याने प्रार्थना करत. मला पटलं नाही. मी पाहिलेले ख्रिस्ती हात जोडतात, डोळे मिटतात. ही तर आपल्यातलीच दिसते. म्हटलं, तुझ्यासारख्या तिथे नर्सिंग शिकणाऱ्या पोरींना जवळची वाटावी म्हणून मिशनवाल्यांनी मुद्दाम तशी काढली असणार. त्यात तुझी शेवटची ओळ: हिला ओरांत म्हणतात, आणि इथल्या मुली आता मलाही ओरांतच म्हणतात.

डोंगराकडचा दोधू मिशनमधून परत आला तो धर्म बदलून, दानियल होऊन, हे तुला ठाऊक आहे. ती ओळ मी दिवसातून चारदा वाचायचो. अक्षर तुझंच, पण कुणी तरी सांगून लिहवल्यासारखं वाटायचं. शेजारच्या पितांबरभाऊंनी सहज विचारलं, पोरगी कधी येणार, तर त्यांच्या हसण्यातही मला काहीबाही दिसलं.

काल कोपरी धुवायला घेतली आणि कार्ड तुझ्या मायच्या हाती लागलं. मग मी सगळं सांगितलं. ती हसतच सुटली. म्हणाली, "रंजनाना आबा, तुमले इतलं बी समजस नही? हाई नाव नही, चिडावणं शे. पोर न्हाईसन सूर्यनारायणले हात पसरस, मन्हासारखी. तठल्या पोरी देखतस नि चिडावतस."

पंचवीस वर्षं ती अंगणात तशी उभी राहते. त्या वेळी मी दत्ताच्या देवळात असतो. आज गेलो नाही, ओट्यावर बसून पाहिलं. तोच पदर, तेच हात.

आता खरं सांगतो. शुक्रवारी मी तुमच्या मोठ्या बाईंना पत्र टाकलं, की मुलीचं नाव शाळेतून काढा आणि तिला घरी पाठवा. तुला एका शब्दाने विचारलं नाही. ते पत्र उद्या-परवा पोहोचेल. म्हणून हे तिकडे निघालेल्या गिरधरजवळ उद्याच्या पहिल्या एसटीने पाठवतो. मिळताच बाईंना दाखव. तू तिथेच राहून शिकायचं, हे माझं म्हणणं आहे. त्यांनी आधीच जायला सांगितलं असेल, तरी सामान बांधू नकोस. मी येतो, आणि चूक मुलीची नाही, बापाची आहे, हे त्यांना तुझ्यासमोर सांगतो.

तुझाच,
आबा