न सरकणारी फळी

ता. ३ फेब्रुवारी

तू करून पाठवलेली फळी सरकत नाही. हे आधी ऐक, नमस्कार-चमत्कार मागाहून.

चि. खारुताईस, आजीचे अ. आ. वि. वि. आपल्या घरात वाढायची फळी कशी फिरते ते विसरलीस काय ग? टेबलाच्या एका टोकाला तुझा बाप, दुसऱ्या टोकाला तुझा काका. याने ढकलली की त्याच्यापुढे, त्याने ढकलली की याच्यापुढे. तुझ्या बापाने न विचारता आजोबांचं धातू कातायचं लेथ मशीन विकलं, तेव्हापासून दोघांत शब्द नाही. पण पावाचा तुकडा तरी अडत नव्हता. आता तोही अडला. ढकलली तर बसलेल्या म्हशीसारखी जागची हलत नाही.

उलटी करून पाहिली, तर खाली चार काळे गोळे. सुरीने खरवडले, वास घेतला. रबर! फळीला बूट कोण घालतं? आणि दोन्ही टोकांना पितळी मुठी कशाला? मला एकटीला उचलवतसुद्धा नाही. तुझ्या बापाला विचारलं, तर छान आहे म्हणाला. त्याला तुझं सगळंच छान. काका लांबून बघतो, हात लावत नाही.

आहे तो लोभ वाढव, रबर वाढवू नकोस.
आजी

ता. ११ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न. वि. वि.

सुरी लावलीस? अग, त्या रबरी पायांनी माझा जीव खाल्ला. जुन्या ट्यूबचं रबर कापून आधी नुसतं चिकटवलं, ते गरम पाण्याने सुटलं. मग लाकडात खळगे करून स्क्रूने बसवलं. पाव कापताना फळी पळू नये म्हणून ते. मुठी घट्ट आवळल्या तर लाकूड फुगल्यावर चिरतं, म्हणून त्यांची भोकं जराशी लांबट ठेवली आहेत. मुठी घासून चकचकीत मात्र मुद्दामच केल्या नाहीत.

फळी जड आहे खरी. दोघांनी दोन बाजूंनी धरायची. पितळ बाबांनी दिलं आणि कोणाला सांगू नकोस म्हणाले, तेव्हा कुठलं ते विचारू नकोस. तुला सांगितलं की गल्लीला कळलं. काकांना एकदा धरायला लाव, एवढंच.

लोभ घट्ट असू दे, सुरी लांब असू दे.
तुझी खारुताई

ता. २० फेब्रुवारी

चि. खारुताईस, अ. आ. वि. वि. विचारू नकोस म्हणालीस, तिथेच माझी झोप गेली.

काल फळी ओट्यावरच ठेवली आणि म्हटलं, माझे हात दुखतात, दोघं मिळून आणा. एकमेकांकडे न बघता उठले. तुझ्या काकाने मूठ धरली आणि तिथेच थांबला. अंगठा फिरवत राहिला. मी जवळ जाऊन पाहिलं, तर पितळ एका बाजूला खोलगट झिजलेलं. तुझ्या आजोबांच्या हाताने झिजलेलं. लेथच्या चाकाची मूठ उभी चिरून दोन केल्यास होय ग?

काकाने विचारलं, ही विकली नव्हती? तुझा बाप म्हणाला, मशीन ठेवायला जागा नव्हती, मूठ तेवढी काढून ठेवली. मग बोलला का नाहीस, असं काका. तू विचारलंस कुठे, असं तुझा बाप. फळी दोघांच्या हातांत अधांतरी, खाणं गार, आणि यांचं भांडण गरम! इतके दिवस मुके होते, काल मला ओरडून गप्प करावं लागलं.

गोड झालं असं समजू नकोस. काका अजून फुगलेला आहे. आज म्हणतो, पोरीने मूठ ढिली बसवली. तुझा बाप म्हणतो, लाकडाला जागा ठेवली आहे. सकाळपासून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दोघं फळीवर वाकलेत. मी मध्ये पडत नाही, नुसती कान देऊन ऐकते आहे.

तुझा जीव आमच्यावर असाच असू दे. पण या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. कोरा कागद फळीच्या मधोमध ठेवलाय, ढकलायची सोय नाही. मूठ ढिली की बरोबर ते त्या दोघांनी ठरवायचं, आणि त्या एकाच कागदावर त्यांनीच तुला लिहायचं.
आजी