आईचं तिसरं ताट

तोकोनाओ, १४ ऑक्टोबर

प्रिय एलिसेओदादा,

कसा आहेस? कालामात धूळ फार उडतेय म्हणे, खोकल्याला जप. इकडे आम्ही दोघी ठीक. दोघी कशा, ते सांगते.

माझी दुर्बिणीवरची नोकरी चालू आहे. नाकात प्राणवायूची नळी घालून उंच पठारावर जायचं आणि दुर्बिणीच्या त्या पांढऱ्या थाळ्यांची देखभाल करायची. आई मला चिडवायची, “एवढ्या पराती मांडून बसलात, त्यात कालामाला गेलेलं पोरगं तेवढं दिसत नाही होय गं?”

या महिन्यात विश्व अगदी कोवळं असतानाची एक जागा पाहिली. डझनभर दीर्घिका दाटीवाटीने एकमेकींकडे ओढल्या जात होत्या. आज तिथे मोठा समूह झालाही असेल, पण आपल्याकडे पोचतोय तो सुरुवातीचा उजेड. यांना गोळा कोण करतंय, असं मी आमच्या शास्त्रज्ञ बाईंना विचारलं. म्हणाल्या, जे दिसत नाही ते. ते आधी साचतं, मग दिसणारं त्याच्याकडे येतं. आणि ते आहे हे कळतं आसपासच्यांच्या चालीवरून.

मला आपलं घर आठवलं रे. आपलं कुत्रं रोज आईच्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून जातं.

गेल्या वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गावाने आपापल्या मृतांना जेवू घालून दुपारी निरोप दिला. मीही आईला वेशीपर्यंत पोचवून आले. घरी येते तर कुत्र्याचा पुन्हा वळसा. शेजारच्या सातुर्नाकाकू म्हणाल्या, “तुझ्यासाठी नाही थांबली ती. गावाचं पाणी उपसणाऱ्या मिठागराच्या कंपनीत गेला म्हणून ज्याला तिने उंबरा बंद केला, त्याला जेवताना बघितल्याशिवाय ती हलायची नाही.”

मृतांना तीनच वर्षं ताट मांडतात; यंदा तिचं तिसरं, म्हणजे शेवटचं. पुढे कोणी बोलावत नाही, की पोचवायला जात नाही. यंदा राहिली तर कायमची अडकली.

आधी भीती वाटायची. आता संध्याकाळी दार उघडलं की घरात कोणीतरी आहे, एवढ्यानेच बरं वाटतं. म्हणून हे पत्र लिहून लिहून फाडलं. तू येऊन तिच्यासमोर दोन घास खाल्लेस की ती जाणार, आणि तूही संध्याकाळच्या गाडीने जाशील. मग मी या घरात कोणाशी बोलू?

तू येऊ नयेस असंच वाटतं मला. तरी ये, दादा. दोन तारखेला दुपारच्या आत ये. तिला जाऊ दे.

तुझी, आणि अजून थोडे दिवस तिची,
रुफिना