उंबरबेटाचा दाखला

देवपूर, धुळे
११ फेब्रुवारी १९७०

प्रिय लता,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. तू मागितलेला शाळेचा दाखला माझ्या पेटीतच होता, तरी मी उत्तर दिलं नाही. पोस्टात पत्र हरवलं असेल अशी तू माझी बाजू घेतली असशील. तसं काही झालं नाही.

तेवीस तारखेला, सोमवारी धरणगावला सुनावणी आहे. पुरात गेलेल्या घरांच्या बदल्यात काठावर जागा मिळणार, पण बेटावर बारमाही राहणाऱ्यांनाच. सुनावणीच्या साहेबांचं म्हणणं, तिथे टरबुजाच्या वाड्या करायला माणसं येतात नि हंगाम संपला की जातात. पुराआधीच्या एका तरी कागदावर उंबरबेटाचं नाव दाखवा. आणि आबा अठराही घरांपुढे उठून म्हणाले, "मना अभिमनना शाळाना दाखला शे. त्याना जलम बेटवरच व्हयेल शे." तू लिहिलंस की त्या दिवसापासून आबांच्या नावेवरचा झिपरू वल्ही मारताना गाणी म्हणतो. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल.

लता, तुला आपली हाक आठवते ना? काठावर कुणी उभं राहिलं की आबा बेटाच्या तीरावरून ओरडायचे, "कोना घरना शे रे?" समोरच्यानं स्वतःचं नाव सांगायचं नाही, ज्या घरी जायचं त्या घराचं सांगायचं. घर सांगितल्याशिवाय आबांची नाव सुटत नसे, मग तो फौजदार का असेना. एकदा पाटलांचा जावई ऐटीत नुसताच उभा राहिला, तर आबांनी त्याला टळटळीत उन्हात तासभर उभं ठेवलं. वर म्हणाले, "बिनघरना माणूस मन्ही नावमा बसत नही." आपण दोघं उंबराखाली हसून लोळलो होतो. त्याच उंबराखालच्या वाळूत मी तुला अक्षरं शिकवली, म्हणून आज हे पत्र तू वाचते आहेस.

धरणगावच्या शाळेत आबांनी माझं जन्मगाव उंबरबेट असंच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी हजेरीला पोरं खिदळली. मला 'पाण्यातला' म्हणू लागली. पायांना खवले आहेत का म्हणून चप्पल काढायला लावायची. डब्यात वाळवलेले मासे असले की मी तो वडाखाली कुत्र्याला घालायचो आणि संध्याकाळी आईला सांगायचो, छान झालं होतं. अकरावीपर्यंत हे मी सोसलं. मग मॅट्रिकच्या फॉर्मची वेळ आली आणि मी कारकुनांना सांगितलं, वडील अडाणी आहेत, चुकीचं बोलले, माझा जन्म धरणगावचा.

माझ्या दाखल्यावर जन्मगाव धरणगाव आहे, लता. नोकरीच्या कागदांवर तेच, लग्नपत्रिकेतही तेच. सुनंदाच्या माहेरी मी सांगितलं, बेटावर आमची नुसती वाडी आहे. मी तिला कधी तिकडे आणलं नाही. तुम्हाला कळवायचो, तिला पाण्याची भीती वाटते. तिला कसलीच भीती वाटत नाही. परवा तिला सारं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कुठल्या गावची सून होते हो?"

गेल्या आठवड्यात शाळेत जाऊन जुनं रजिस्टर काढवलं. माझ्या नावापुढे 'उंबरबेट' आहे. लाल शाईनं खोडलंय, तरी स्पष्ट वाचता येतं. साहेबांना ते पुरेल असं वकील म्हणतात. मात्र ते का खोडलं, हे मला त्यांच्यासमोर उभं राहून सांगावं लागेल. माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल. मी सांगणार आहे.

पण त्या पानाला एक अर्ज टाचलेला आहे. जन्मगाव बदलायला वडिलांचा अर्ज लागतो, असं कारकून म्हणाले होते. मी आबांना बोलावून घेतलं आणि फी माफीचा अर्ज आहे म्हणून सांगितलं. ते आपली नाव झिपरूच्या बापावर सोपवून, नवीन धोतर नेसून, पायी आले. "काय लिखेल शे?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुम्ही माझे वडील आहात असं लिहिलंय. त्यांनी अंगठा धोतराला पुसला, शाईत बुडवला आणि इतका जोरात दाबला की कागदाला खळगा पडला. कारकुनांना म्हणाले, "मना पोऱ्या शे हाऊ." त्या अर्जात लिहिलं होतं, माझा मुलगा उंबरबेटचा नाही.

सोमवारी साहेब तो अर्ज मोठ्यानं वाचतील. आबांनी ते अठरा घरांसमोर पहिल्यांदा ऐकू नये. म्हणून हे पत्र, लता. सकाळी ते जाळं विणायला बसतात तेव्हा शेजारी बसून वाचून दाखव. काही गाळू नकोस, डब्याचंही नाही. शनिवारी, एकवीस तारखेला, सुनंदाला घेऊन मी काठावर येईन. हाक आली तर घर सांगेन. नाव सोडायची की नाही, ते आबांनी ठरवायचं. तू मधे बोलू नकोस. तासभर उन्हात उभं राहावं लागलं तरी मी काठ सोडणार नाही.

झुलाल आबाच्या घरचा,
तुझाच भाऊ
अभिमन